‘अष्टपैलू’ लिहिता, पण पैलू पाडतात कसे तेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या ज्येष्ठ नटाचा वाढदिवस आला, पुरस्कार जाहीर झाला किंवा नको ती बातमी आली, की दुसऱ्या दिवशी काय छापून येणार हे आम्हाला आधीच पाठ असतं. ‘रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी अशा तिन्ही माध्यमांत लीलया वावरणारे अष्टपैलू अभिनेते.’ खाली दहाबारा नाटकांची नावं, तितकेच चित्रपट, दोन मालिका आणि एक जुना फोटो. यातला ‘लीलया’ आम्हाला फार खुपतो. आम्ही पडद्यामागे रंगभूषा, कपडेपट आणि ध्वनी सांभाळणारे. ज्यांचे हात मिशा चिकटवायच्या गमाने चिकट झालेले असतात त्यांना लीला कुठे दिसत नाही, घड्याळ दिसतं.

उदाहरणाला दिलीप प्रभावळकरांची कारकीर्द घेऊ. ती तीन पिढ्यांनी पाहिली आहे आणि यादी करायचा मोह सगळ्यात जास्त तिथेच होतो. जन्म ४ ऑगस्ट १९४४. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण, मुंबई दूरदर्शनवरचा चि. वि. जोशींचा चिमणराव, ‘चौकट राजा’तला नंदू (१९९१), ‘झपाटलेला’तला तात्या विंचू (१९९३), २००१ पासून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा, ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी (२००६), आणि वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी ‘दशावतार’मधला बाबुली मेस्त्री (२०२५). मजकूर लिहिणारा ही नावं जिन्यासारखी रचतो. खाली बालनाट्य, वर मालिका, त्यावर मराठी सिनेमा आणि गच्चीवर हिंदी. तो जिना इथे मुळात नाहीच. हिंदीतल्या गांधीजींनंतर बारा वर्षांनी ‘आरण्यक’ पुन्हा रंगभूमीवर आलं तेव्हा त्यातला विदुर प्रभावळकरच होते. तीन माध्यमं म्हणजे तीन वेगळे धंदे आहेत, प्रत्येकाची हत्यारं वेगळी, आणि एकात तयार झालेला हात दुसऱ्यात आडवा येतो. हे कसं, ते जरा तपशिलात लिहितो.

आधी नाटक. ‘हसवाफसवी’ हे नव्वदीच्या सुरुवातीचं नाटक, लेखनही प्रभावळकरांचंच. भूमिका सहा: चिमण जोशी, नाना पुंजे, बॉबी मॉड, प्रिन्स वांटुंग पिंटो, दीप्ती प्रभावळकर-पटेल-लुमुंबा आणि संगीत रंगभूमीचे वयोवृद्ध गायकनट कृष्णराव हेरंबकर. सहा भूमिका म्हटलं की प्रेक्षकाला सहा चेहरे आठवतात. कपडेपट सांभाळणाऱ्याला पाच बदल आठवतात. पाचातला फार तर एक मध्यंतरात उरकता येतो, बाकीचे चालू प्रयोगात करायचे.

चालू प्रयोगातल्या अशा बदलाला मिळतात दोन ते चार मिनिटं. एवढ्यात रंगपटात, म्हणजे मेकअपच्या खोलीत, जाऊन येणं जमत नाही. मग विंगेतच काळ्या कापडाचा आडोसा करतात. आत एक स्टूल, आरसा, ओला आणि कोरडा असे दोन टॉवेल, पाणी आणि निळा मंद दिवा. पांढरा दिवा लावला तर उजेड रंगमंचावर सांडतो, शिवाय नटाचे डोळे दिपतात आणि परत अंधारात शिरताना त्याला पायरी दिसत नाही. माणसं तीन लागतात. एक कपड्यांना, एक डोक्याला आणि चेहऱ्याला, तिसरा काठी, पिशवी, चश्मा अशा वस्तू हातात द्यायला. चौथा आला की हातात हात अडकतात आणि वेळ वाढतो.

उतरवताना आधी चश्मा, मग केसांचा टोप, मग अंगावरचं. चढवताना नेमकं उलटं. टोप आधी बसवला आणि सदरा मागाहून डोक्यातून घातला तर सदरा टोपाला घेऊनच खाली येतो. म्हणून अशा नाटकात डोक्यातून घालायचा कपडा शिवतच नाहीत, सगळं पुढून नाहीतर मागून उघडणारं. बटणं दिसण्यापुरती, आत वेल्क्रो. शर्ट, जाकीट आणि टाय एकातच शिवलेलं. साडी निऱ्यांसकट शिवलेली, कमरेला इलॅस्टिक. बुटाच्या नाड्या बांधलेल्या दिसतात, पण त्या कापून खाली इलॅस्टिक लावलेलं असतं. वेल्क्रोचे दोन दोष आहेत. तो सोडताना फाडल्यासारखा आवाज होतो, त्यामुळे रंगमंचावर हळवा प्रवेश चालू असेल तर तिथे प्रेसबटणंच हवीत. आणि धोतराचं, टॉवेलचं सूत त्यात अडकून पकड जाते. ऐन प्रवेशात जाकीट उघडं पडलं की ‘शिवण उसवली’ म्हणतात, पण दहातल्या आठ वेळा शिवण शाबूत असते. दात घासायच्या जुन्या ब्रशने दर आठवड्याला वेल्क्रो विंचरायचं राहून गेलेलं असतं.

आता मिशी. ती चिकटवायचा स्पिरिट गम लावला आणि लगेच केस दाबले तर ते घसरतात. गम लावून बोटाने टिपत राहायचं, तार सुटायला लागली की मगच मिशी ठेवायची. याला अर्धं-पाऊण मिनिट जातं, आणि दोन मिनिटांच्या बदलात तेवढं कुणाकडे नसतं. नवख्याची हमखास चूक म्हणजे ओठावर आधी पॅनकेक, म्हणजे चेहऱ्याचा रंग, लावून त्यावर गम लावणं. गम पॅनकेकला धरतो, पॅनकेक कातडीला धरत नाही, आणि पहिला घाम आला की दोन्ही मिळून निघतात. मिशीची जागा कोरी ठेवायची, स्पिरिटने पुसायची आणि रंग मागाहून कडेपर्यंत आणायचा. दुसरी गोष्ट, मिशी अखंड लावायची नाही. नाकाखालच्या पन्हाळीवर तिचे दोन तुकडे करायचे. बोलताना वरचा ओठ मधून दुमडतो. अखंड मिशी त्याच्याबरोबर दुमडत नाही, ती टोकाकडून उचलली जाते. कोकणपट्टीतल्या मे महिन्यातल्या दौऱ्यात, एसी बंद पडलेल्या नाट्यगृहात, आधी जातात ती हीच टोकं. नट मग एका बाजूचा ओठ आवळून बोलू लागतो आणि त्याचा उच्चार का बिघडला हे प्रेक्षकाला कळत नाही.

यावर खरा इलाज रंगभूषेत नाही, तो संहितेत आहे. चिकटवायची मिशी नाटकातल्या पहिल्या भूमिकेला द्यायची किंवा मध्यंतरानंतरच्या पहिल्या भूमिकेला. मधल्या माणसांना टोप, चश्मा, टोपी आणि दातांची कवळी यांवर भागवायचं. नट आणि लेखक एकच असला तर असा हिशेब लिहितानाच करता येतो, आणि बहुरूपी नाटक स्वतः लिहिण्याचा मोठा फायदा हा आहे. नट आत गेल्यावर रंगमंच धरून ठेवणारी पात्रंही त्याच हिशेबात येतात. त्यांच्या संवादात चारदोन वाक्यं रबरासारखी ठेवायची, विंगेतून खूण येईपर्यंत ताणता येतील अशी. ती वाक्यं ताणूनही कुणाला ताणल्यासारखी वाटली नाहीत तर त्या नटांचंही कौतुक छापायला हरकत नाही. ते कधी छापून येत नाही. पुढे ‘हसवाफसवी’ पुष्कर श्रोत्रींनी केलं. अशा वेळी नुसते संवाद पाठ करून भागत नाही. नट बदलला की डोक्याचं माप, घाम यायचं प्रमाण आणि बुटात पाय जायचा वेग बदलतो, आणि सगळे बदल नव्याने घड्याळ लावून बसवावे लागतात. घड्याळ लावून म्हणजे तालमीत खरोखर, अंधार करून.

शरीराबद्दल एकच सांगतो. किरकोळ बांध्याच्या नटाला जाड करता येतं, जाड नटाला किरकोळ करता येत नाही. प्रभावळकरांच्या बांध्याचा या कामात मोठा वाटा आहे. पण पोटाला बांधायची गादी कापसाची असली तर एका अंकात घामाने जड होऊन खाली सरकते आणि पोट मांडीवर येतं. स्पंजच्या पातळ थरांची, मध्ये भोकं पाडलेली गादी टिकते. शनिवार-रविवारी दुपारी आणि रात्री असे दोन प्रयोग असतात, त्यामुळे दोन संच हवेत. दुपारची ओली गादी रात्री अंगाला लावणं म्हणजे सर्दीला आमंत्रण, आणि सर्दी झालेल्या नटाकडे सहा आवाज नसतात.

आवाजाचं तर कुणी लिहीतच नाही. ‘आवाज बदलला’ एवढंच छापतात. आवाज बदलायच्या जागा मोजक्या आहेत: पट्टी, लय, श्वास आणि तो छातीत, घशात, नाकात की टाळूत घुमतो ते. त्यावर बोलीचा हेल. अननुभवी नट वेगळा आवाज काढायचा म्हणून घसा आवळतो. पंधरा मिनिटांच्या स्किटमध्ये ते खपतं. अडीच तासांच्या नाटकात, आठवड्याला पाचसहा प्रयोग, असा आवाज लावला तर महिन्या-दोन महिन्यांत तो फाटतो आणि पुढे स्वरतंतूंवर गाठी येण्यापर्यंत मजल जाते. म्हणून चेटकिणीचा किंवा बाईचा उंच आवाज घशातून ओरबाडायचा नसतो, तो नाकाच्या मुळाशी आणि टाळूत आणायचा असतो. जाड आवाजाला ताकद लागत नाही, छाती सैल लागते. कवळी घालून बोलायचं असेल तर निदान आठदहा दिवस आधीपासून तालमीत ती घालावी लागते. ‘स’, ‘श’ आणि ‘च’ तिघंही सुरुवातीला एकाच फटीतून शिट्टी मारत बाहेर येतात.

याच ओघात मराठीची एक खोड. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याहूनही शेवटी. नटाचा श्वास वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत संपलेला असतो. ‘मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही’ यातलं ‘नाही’ पडलं की बाल्कनीतल्या प्रेक्षकाला तो निघालाय असं वाटतं. रंगमंचावर मुरलेला नट शेवटच्या शब्दासाठी श्वास राखून ठेवतो. हीच सवय घेऊन तो कॅमेऱ्यासमोर गेला की दिग्दर्शक म्हणतो, ‘साहेब, नाटकी वाटतंय.’ कारण दोन फुटांवर माइक असताना माणूस शेवटचा शब्द गिळूनच बोलतो.

म्हातारपणाकडे येऊ, कारण एकाच नटाचे दोन म्हातारे शेजारी ठेवले की माध्यमांतला फरक लगेच दिसतो. रंगमंचावरचे हेरंबकर आणि टीव्हीवरचे आबा टिपरे. एकाची रंगभूषा दुसऱ्याला चालणार नाही. रंगमंचावर सुरकुती म्हणजे तपकिरी रेघ आणि तिला चिकटून फिकट रेघ. नुसती गडद रेघ ओढली तर पंधराव्या रांगेतून चेहरा मळकट दिसतो, म्हातारा दिसत नाही. शेजारची फिकट रेघ उजेड पकडते, तेव्हा कातडीला घडी पडल्याचा भास होतो. हीच जोडी टीव्हीच्या क्लोज-अपमध्ये आणली तर चेहऱ्यावर पेन्सिलीने नकाशा काढल्यासारखी दिसते. कॅमेऱ्यासाठी रेघा नकोत. कानशिलांवर आणि गालाखाली किंचित सावली, हनुवटीवर आणि हातांवर डाग. खरीच सुरकुती हवी असेल तर कातडी बोटांनी ताणून धरायची, त्यावर स्पंजने पातळ लॅटेक्स टिपायचं, ड्रायरने वाळवायचं आणि मग कातडी सोडायची. ती आपोआप चुरगळते. ताणायला दुसरा माणूस लागतो, आणि डोळ्यांखाली लावायचं तर नटाने तितका वेळ पापणी हलवायची नाही. पांढऱ्या केसांसाठी पावडर वापरली की ती खांद्यावर सांडते. पंधराव्या रांगेतून ती कुणाला दिसत नाही, कॅमेऱ्याला कोंड्यासारखी दिसते.

टिपरे सुरू झाली तेव्हा प्रभावळकर सत्तावन्नच्या आसपास होते. म्हणजे रंग थोडाच हवा होता, बाकी म्हातारपण अंगातून यायला हवं होतं. इथे दोन चुका सर्रास दिसतात. एक, कमरेतून वाकणं. म्हातारा माणूस कमरेतून वाकत नाही. त्याची पाठ मानेखाली, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मध्ये गोल होते, आणि समोर पाहायचं म्हणून हनुवटी पुढे येते. कमरेतून वाकलेल्या नटाची दहाव्या मिनिटाला स्वतःचीच कंबर दुखू लागते आणि तो सरळ होतो, मग प्रेक्षकाला त्याचं वय उतरल्यासारखं वाटतं. दुसरी चूक म्हणजे सतत थरथरणारा हात. पाचव्या मिनिटाला प्रेक्षक गोष्ट सोडून हातच बघत बसतो. थरथर एकाच कामाला ठेवावी, कपबशी उचलताना, नाहीतर चावी लावताना. आणि म्हातारा सगळीकडे हळू नसतो. पन्नास वर्षं रोज केलेलं काम तो तरुणापेक्षा चपळ करतो, मग ते पेपरची घडी घालणं असो की तपकिरीची डबी उघडणं. हळू होतं ते बसणं आणि उठणं. आधी हात खुर्चीचा दांडा शोधतो, मग वजन हातावर येतं आणि शेवटी गुडघा सुटतो. हा क्रम चुकला की टोप कितीही चांगला असो, उपयोग नाही.

टीव्ही म्हणजे एकच माध्यम, असं आपण लिहितो तेही बरोबर नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. चिमणरावाच्या काळातलं वरळीचं स्टुडिओतलं काम नाटकाच्या जवळचं होतं. दोनतीन कॅमेरे एकदम चालू, टेपवर कापाकापी किचकट, म्हणून लांबच्या लांब प्रवेश एका दमात घ्यायचे. शेवटच्या मिनिटाला कुणी चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. पाठांतर पक्कं असलेला नाटकवाला तिथे सोन्याच्या भावाने चालायचा. चित्र कृष्णधवल, त्यामुळे लाल रंग काळपट दिसायचा आणि ओठांची लाली जपून वापरावी लागायची. आजच्या रोजच्या मालिकेत वीसबावीस मिनिटांचा एक भाग दिवसात उरकायचा असतो. पानं पुष्कळदा सकाळी सेटवरच हातात पडतात आणि शिफ्ट बारा तासांच्या पुढे जाते. या कामाला पाठांतराची ताकद वेगळी लागते. झटकन डोक्यात घ्यायचं आणि संध्याकाळी झटकन पुसायचं. नाटकाचं पाठांतर वर्षानुवर्षं टिकवायचं असतं. महिन्याचे वीस-पंचवीस दिवस मालिकेला दिलेला नट शनिवारी रात्री नाटकाला उभा राहतो तेव्हा सगळ्यात आधी त्याचे थांबे जातात. शब्द असतात, त्यांच्यामधली जागा हरवलेली असते.

हे थांबे विनोदाला फार लागतात. रंगमंचावर हशा येतो, तो उतरायला लागतो, आणि पुरता विरायच्या आत पुढचं वाक्य घ्यायचं असतं. लवकर घेतलं तर वाक्य हशात बुडतं, उशीर झाला तर प्रयोग ढेपाळतो. ठाण्याचा हशा आणि सांगलीचा हशा एकाच लांबीचा नसतो, म्हणून ही जागा रोज नव्याने मोजावी लागते. कॅमेऱ्यासमोर कुणी हसत नाही. पण शंभरावर प्रयोग केलेला नट नकळत हशासाठी थांबतो. क्लोज-अप असेल तर संकलक तो थांबा कापतो. दोघं एकाच चौकटीत असतील तर कापता येत नाही, आणि तो रिकामा क्षण पडद्यावर तसाच राहतो. जुन्या मराठी विनोदी चित्रपटांत असे क्षण शोधलेत तर हवे तितके सापडतील.

आता सिनेमा, आणि आमच्या मते या कारकीर्दीतली सगळ्यात कमी लिहिली गेलेली जोडी. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ नाटकात प्रभावळकरांनी बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलाचा बाप केला. तो मुलगा, बच्चू, झाला होता अतुल परचुरे. त्यानंतर ‘चौकट राजा’ या चित्रपटात त्यांनी तसाच, वाढ खुंटलेला नंदू स्वतः केला. एकाच दुखण्याच्या दोन बाजू, एक रंगमंचावर आणि एक पडद्यावर. यादीत ही दोन नावं सहा ओळींच्या अंतराने छापली जातात आणि कुणाला त्यात काही दिसत नाही.

नंदूसारख्या भूमिकेत धोका असतो तो सगळी लक्षणं एकदम लावण्याचा. तोंड वाकडं, मान तिरकी, हात आखडलेला, डोळे फिरलेले आणि बोबडं बोलणं असं सगळं एकाच वेळी केलं की माणूस दिसत नाही, यादी दिसते. दोन खुणा निवडायच्या, एक तोंडाची आणि एक हाताची किंवा चालीची, आणि त्या शेवटपर्यंत सोडायच्या नाहीत. नाटकात हे सोपं आहे, कारण पडदा उघडल्यापासून शरीर त्याच वळणात असतं. चित्रीकरणात शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी होतो, लहानपणच्या मैत्रिणीची भेट तिसऱ्या आठवड्यात होते, आणि मध्ये जेवणाची सुट्टी असते. मान डावीकडे किती कलली होती? ओठाचा कोणता कोपरा ओढला होता? हे फोटो काढून आणि वहीत लिहून ठेवावं लागतं. दहा अंशांचा फरक चित्रीकरणाच्या वेळी जाणवत नाही, दोन शॉट जोडल्यावर उडी बसते. शिवाय त्या काळात बहुतेक मराठी चित्रपटांचे संवाद डबिंगमध्ये पुन्हा घेत. बंद खोलीत, कित्येक आठवड्यांनी, समोर स्वतःचीच ओठांची हालचाल बघत नटाला तोच दबलेला उच्चार आणायचा असतो. त्यासाठी तोंड परत वाकडं करावंच लागतं. सरळ तोंडाने बोललं की वाकड्या ओठांवर स्वच्छ आवाज बसतो आणि सगळं काम वाया जातं.

तात्या विंचूवर लिहायची गरज नाही, तो पाठ आहे. एवढंच नमूद करतो की त्यातला बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्यांचा आणि बाहुल्याचं काम हे स्वतंत्र शास्त्र आहे. दोघांचं श्रेय एकाच वाक्यात गुंडाळू नये.

गांधीजींचं पाहा. २००६ सालच्या चित्रपटांसाठीच्या ५४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत प्रभावळकरांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तो ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणि ‘शेवरी’ या दोन चित्रपटांसाठी मिळून. तुमच्यासकट बहुतेकांच्या मजकुरातून ‘शेवरी’ गळतो. पुरस्काराचा निम्मा भाग मराठी चित्रपटाचा आहे हे मराठी वृत्तपत्राने तरी विसरू नये. ओळखीच्या चेहऱ्याची अडचण अशी की प्रेक्षक पहिली दोन मिनिटं तुलनाच करत असतो, कान, चश्मा, दात. तेवढ्या वेळात नटाने नक्कल सुरू केली तर तो शेवटपर्यंत तुलनाच करत राहतो. अगदी शेवटचा लकी सिंगचा प्रसंग सोडला तर त्या चित्रपटातले गांधीजी फक्त मुन्नाला दिसतात. एरवी दुसऱ्या कुणाशी त्यांचा व्यवहारच नाही, म्हणून तिथे भाषणाचा सूर लागला असता तर फसलं असतं. पडद्यावर पाहाल तर तो माणूस खोलीत बसून बोलावं इतकंच बोलतो. हात जवळजवळ हलत नाहीत. सहा भूमिकांच्या नाटकात ज्या सगळ्या जागा वापरल्या, त्या इथे बंद करून ठेवल्या आहेत. बंद ठेवणं हेही कामच आहे, पण त्याचा फोटो छापता येत नाही.

‘दशावतार’च्या निमित्ताने जे छापून आलं त्यात वयाचं कौतुक फार होतं. ते रास्तही आहे. पण सिंधुदुर्गातला दशावतारी लोकनट आपला चेहरा आपणच, हातात आरसा धरून रंगवतो, त्याला छापील संवाद नसतात, आणि जत्रेच्या रात्री उभ्या उभ्या तो भाषण रचतो. छापील संहितेवर आयुष्य काढलेल्या नटाने असा माणूस उभा करणं म्हणजे काय, एवढा एक प्रश्न कुणी विचारला असता तरी चार नवीन गोष्टी कळल्या असत्या.

आता मागणं. फार नाही. नटाबद्दल लिहाल तेव्हा भूमिका मूळ संचातली की बदली म्हणून केलेली, ते लिहा. नाटककाराचं नाव नाटकाला चिकटून असू द्या. रंगभूषा, वेशभूषा आणि प्रकाशयोजना कुणाची, हे निदान एका भूमिकेपुरतं तरी शोधा. प्रयोगांचा आकडा ऐकीव असेल तर गाळा. नटाला विचारताना ‘इतक्या वेगवेगळ्या भूमिका कशा काय जमतात?’ हे विचारू नका, त्यावर कुणीही ‘प्रेक्षकांचं प्रेम’ असंच म्हणणार. ‘त्या प्रवेशाला आत किती वेळ मिळायचा?’ हे विचारा. उत्तर सेकंदांत मिळेल.

आणि हे शोधायला कुठे लांब जायला नको. नाटकांच्या जाहिरातींची पानं तुमच्याच जुन्या फायलींत आहेत. तारीख, नाट्यगृह, वेळ, पहिला प्रयोग की पन्नासावा, कोणत्या आठवड्यात जाहिरातीतलं कुणाचं नाव बदललं, सगळं तिथे चौकटीत छापलेलं आहे. मराठी रंगभूमीचा एवढा तपशीलवार रोजनामा दुसरीकडे शोधूनही मिळायचा नाही, आणि तो तुमच्याकडे पैसे घेऊन छापलेला पडून आहे. या जाहिरातींत पडद्यामागच्यांची नावं वर्षागणिक कशी बारीक होत गेली, तेही भिंग घेऊन बघता येईल.

पत्र लांबलं, याची कल्पना आहे. कात्री लावायची तर पहिला परिच्छेद काढा, गांधीजींचाही थोडा कमी करा. मिशीचा मात्र राहू द्या.

आपले,
रंगभूषा, कपडेपट आणि ध्वनी या खात्यांत काम करणारे काही जण
दादर, ठाणे